पॅच बिघडला तर आधी सेव्ह सांभाळ

जामठ्याच्या मैदानाचा पॅच टाकल्यावर तुझा क्रिकेट 07 बिघडला ना? अनइन्स्टॉलवरचा हात आधी काढ. गेम बिघडला की पोट्टे पहिलं काम तेच करतात आणि पुढचा अर्धा त्रास तिथूनच सुरू होतो. गेम काय, पुन्हा टाकता येतो. पण तू रात्र-रात्र बसून भरलेले संघ, दुरुस्त केलेली नावं, अर्ध्यावर आलेली स्पर्धा कुठल्याही डिस्कवर मिळणार नाही. म्हणून भाच्या, मामाचा पहिला मंत्र ऐक. दुरुस्तीला हात घालण्याआधी जे फक्त तुझं आहे ते बाजूला काढून ठेव.

क्रिकेट 07 मध्ये हे ‘तुझं’ गेमच्या फोल्डरात नसतं. डॉक्युमेंट्समध्ये गेमच्याच नावाचा एक वेगळा फोल्डर असतो. त्यात तुझी प्रोफाइल, सेव्ह आणि ‘.रॉस’ शेपटीची रोस्टर फाइल, म्हणजे संघांची आणि खेळाडूंची यादी. तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी कर. कट करू नको, कॉपीच कर, आणि कॉपीच्या नावात तारीख टाक. डॉक्युमेंट्समध्ये तो दिसला नाही तर घाबरू नको. हल्लीच्या विंडोजवर वनड्राइव्ह चालू असेल तर डॉक्युमेंट्सच त्याच्या पोटात जाऊन बसतं, तिथे बघ.

मी नागपूरच्या बर्डीवर कम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलावर बसायचो तेव्हापासून हा खेळ पाहतो आहे. तो आला नोव्हेंबर 2006 मध्ये. कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने बनवला, ईएने विकला, कॉमेंट्री रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांची. भारतीय खेळाडूंची नावंसुद्धा त्यात धड नव्हती, हक्क घेतलेले नव्हते म्हणून. आयपीएल असण्याचा प्रश्नच नाही, ती एप्रिल 2008 मध्ये सुरू झाली. आपलं नागपूरचं जामठ्याचं स्टेडियमही 2008 चं. तिथली पहिली कसोटी नोव्हेंबर 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाशी झाली. त्यांच्या क्रेझाने पदार्पणातच 12 बळी घेतले, गांगुलीची ती शेवटची कसोटी होती आणि ती आपण जिंकलो. आणि विदर्भ? रणजी करंडक 2017-18 मध्ये आला, 2018-19 मध्ये पुन्हा आला आणि 2024-25 मध्ये केरळविरुद्धची फायनल जामठ्यातच झाली. यातलं काहीही त्या डिस्कवर नाही. ईएने पीसीसाठी त्यानंतर क्रिकेटचा नवा खेळ काढलाच नाही, म्हणून भारतातल्या, पाकिस्तानातल्या, बांगलादेशातल्या पोरांनी रात्री जागून पॅच बनवले, फुकट वाटले, आणि खेळ जिवंत ठेवला. तुला या खेळात जे जे आवडतं ते बहुतेक कुणीतरी मागून बसवलेलं आहे. त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्यांच्या कामाशी धसमुसळेपणा केलेला मला चालत नाही.

आता बिघाड कसा झाला ते बघू. नव्या खेळांत मॉडसाठी, म्हणजे बाहेरून टाकलेल्या बदलांसाठी, वेगळा फोल्डर असतो, मॉड तिथे टाकायचा, नको असेल तर काढायचा. क्रिकेट 07 मध्ये तशी सोय नाही. तिथे पॅच म्हणजे मूळ फाइलच्या जागी त्याच नावाची दुसरी फाइल. कपड्यांची चित्रं, बॅटवरचे स्टिकर, मैदानाचं गवत, सगळं ‘.एफएसएच’ आणि ‘.बिग’ फायलींत भरलेलं असतं. तू जामठ्याचा पॅच गेमच्या फोल्डरात पेस्ट केलास तेव्हा विंडोजने एक खिडकी उघडून विचारलं होतं, या नावाच्या इतक्या फायली इथे आधीच आहेत, बदलू का? तू वाचलं नाहीस, ‘रिप्लेस’ दाबलंस. सगळे तसंच करतात. पण त्या खिडकीतला आकडा ही तुला मिळालेली सगळ्यात कामाची माहिती होती. एका मैदानाचा पॅच आहे आणि खिडकी म्हणते 140 फायली बदलणार, तर तो पॅच मैदानापुरता नाही, आणखी बरंच काही घेऊन आला आहे. तिथे थांबायचं असतं. बदललेली फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही. ती गेली म्हणजे गेली.

नंतर मात्र माग काढता येतो. गेमचा फोल्डर उघड, व्ह्यूमध्ये जाऊन ‘डिटेल्स’ कर, फायलींच्या नावांची शेपटी दिसेल अशी खूण लाव आणि ‘डेट मॉडिफाइड’वर क्लिक करून फायली तारखेने लाव. मूळ डिस्कवरून आलेल्या फायलींवर साधारणपणे 2006 किंवा त्याआधीची तारीख असते. 2011, 2016, 2023 अशा तारखा दिसल्या की समज, या कुणाच्या तरी पॅचमधून आलेल्या. ती तारीख तू फाइल टाकलीस त्या दिवसाची नसते, पॅच करणाऱ्याने ती शेवटची हाताळली त्या दिवसाची असते. म्हणून दोन पॅच वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर कुठली फाइल कुठल्या पॅचची हेही बऱ्यापैकी कळतं. गेम स्वतः काही सेटिंगच्या फायली लिहितो, त्यांच्यावर कालची तारीख असेल, तिकडे लक्ष देऊ नको. उरलेल्यांची यादी वहीत उतरवून घे. दहा मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक वेळा दोषी त्याच यादीत असतो.

काय बिघडलं आहे तेही नीट बघ. ‘गेम चालत नाही’ हे मला सांगू नको, कुठे थांबतो ते सांग. मेनू येण्याआधीच बंद पडत असेल तर मुख्य चालणारी फाइल किंवा तिच्या शेजारची डीएलएल बदलली गेली आहे, नाहीतर अँटिव्हायरसने गुपचूप उचलली आहे. मेनू येतो, बाकी मैदानं चालतात आणि जामठा निवडलं की लोडिंगची पट्टी मध्येच अडकते, तर दोष मैदानाच्या फायलींत. खेळाडू पांढरेफटक किंवा काळे दिसत असतील तर चित्रांची फाइल चुकली. सगळं चालतं पण संघ निवडताना गेम कोसळतो, तर रोस्टरवर संशय घे. एका पॅचचं रोस्टर आणि दुसऱ्याच पॅचचे चेहरे एकत्र बसवले की हा घोळ हमखास होतो. आणि काहीच बदललं नसेल, खेळ जसाच्या तसा असेल, तर पॅच भलत्याच पायरीवर पडला आहे. आरएआर, म्हणजे पॅचची आवळलेली फाइल, उघडताना फोल्डरात फोल्डर तयार होतो, आणि तू बाहेरचा उचलून टाकतोस. आतला टाकायचा होता.

आरएआरवरून आठवलं. मोठे पॅच तुकड्यांत येतात, पार्ट 1, पार्ट 2 असे. सगळे तुकडे एकाच फोल्डरात ठेवून पहिला उघडायचा. उघडताना सीआरसीची चूक दाखवली तर तो तुकडा डाउनलोडमध्येच खराब झाला आहे, तो पुन्हा उतरव. ‘ओके’ दाबून पुढे गेलास तर अर्धवट फाइल गेममध्ये जाऊन बसेल आणि तू दिवसभर भलतीकडेच शोधत राहशील.

तू म्हणशील, मामा, मी अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकला तरी तेच होतं, काहून? कारण अनइन्स्टॉल करणारा फक्त स्वतः ठेवलेल्या फायली काढतो. पॅचने नव्याने आणलेल्या फायली त्याच्या यादीत नसतात, त्या तिथेच राहतात. डॉक्युमेंट्समधलं बिघडलेलं रोस्टरही तसंच राहतं. म्हणजे नवा गेम जुन्याच घाणीत येऊन बसतो. अनइन्स्टॉलनंतर गेमच्या जागी जाऊन बघ, फोल्डर अजून दिसत असेल तर त्याचं नाव बदलून ‘जुना’ कर. डॉक्युमेंट्समधल्याचंही तसंच कर. मगच नवा टाक. पुसू मात्र काहीच नको, सगळं सुरळीत चालेपर्यंत जुनं राहू दे.

जुन्या फायली लपून राहण्याची तिसरी एक जागा आहे, ती पुष्कळ दुकानदारांनाही माहीत नसते. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला परवानगी लागते. गेमच्या फायली बदलणाऱ्या 2006-07 च्या काळातल्या एडिटर प्रोग्रामांना याची कल्पनाच नव्हती. ते आपले तिथे लिहायला जातात, आणि विंडोज त्यांना नाही न म्हणता ती फाइल गुपचूप तुझ्या खात्याच्या ॲपडेटाच्या लोकल फोल्डरात, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या जागी ठेवतं. गेम साधा उघडला की विंडोज त्याला ती गुपचूप ठेवलेली फाइल दाखवतं. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडला की खरी फाइल दाखवतं. त्यामुळे एकदा पॅच दिसतो, एकदा गायब होतो, आणि पोट्टे म्हणतात कम्प्युटरला भूत लागलं. भूतबीत काही नाही, व्हर्च्युअलस्टोअर उघडून बघ, तिथे गेमच्या नावाचा फोल्डर सापडेल. त्याची कॉपी ठेवून तो तिथून हलव. आणि पुढच्या वेळी गेम प्रोग्राम फाइल्समध्ये टाकूच नको. डी ड्राइव्हवर ‘गेम्स’ असा साधा फोल्डर कर आणि तिथे टाक. निम्मे आजार तिथेच संपतात.

नवा गेम टाकलास की पॅचला हात लावण्याआधी तो एकदा उघडून एक छोटा सामना खेळ. पाच षटकांचा चालेल. चालतो याची खात्री झाली की अख्खा फोल्डर कॉपी करून ‘मूळ, हात लावू नये’ असं नाव दे. ही कॉपी सोन्यासारखी जप. क्रिकेट 07 आज अधिकृत डाउनलोड म्हणून विकत मिळत नाही, आणि त्या काळच्या पुष्कळ डिस्क सेफडिस्क नावाच्या कुलपाच्या होत्या. ते कुलूप 2015 मध्ये आलेल्या विंडोज 10 ने चालवणंच बंद केलं. ज्यांच्या घरी कोरी मूळ कॉपी आहे त्यांचं भलं. बाकीचे पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर आलेला, आधीच चार जणांनी पॅच केलेला गेम घेऊन बसतात, आणि बिघडला की परत जायला जागाच नसते. त्यात काय काय भरलं आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तसला गेम दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पॅच एकेक करून टाक. एक टाकला, गेम उघडला, त्या पॅचने जे बदललं तेच मुद्दाम वापरून पाहिलं, मग दुसरा. मैदानाचा पॅच असेल तर त्या मैदानावर सामना सुरू करून पहिला चेंडू पडेपर्यंत बघ, मेनूत नाव दिसलं म्हणून खूश होऊ नको. टाकण्याआधी पॅचमध्ये ज्या नावांच्या फायली आहेत त्या गेममधून शोधून एका बाजूच्या फोल्डरात कॉपी करून ठेव, त्या फोल्डराला पॅचचं नाव दे. बिघडलं तर त्या चार फायली परत टाकल्या की झालं. नळ गळतो म्हणून कुणी घर पाडत नाही, वॉशर बदलतात.

आधीच डझनभर मॉड पडले असतील आणि कोणता बिघडला ते कळत नसेल तर निम्मे-निम्मे कर. हे क्रिकेटपेक्षा नव्या खेळांत सोपं जातं, तुझ्या त्या ट्रकच्या गेममध्ये तर फारच. 16 मॉड असतील तर 8 बाजूला काढ. गेम चालला तर दोषी काढलेल्यांत आहे, नाही चालला तर आत राहिलेल्यांत. त्यातले पुन्हा निम्मे कर. एकच दोषी असेल तर 4 खेपांत सापडतो. आणि दोन्ही अर्धे वेगवेगळे नीट चालले, एकत्र आले की बिघडले, तर या अर्ध्यातल्या एकाचं त्या अर्ध्यातल्या एकाशी जमत नाही. बहुतेक वेळा ते दोघं एकाच गोष्टीला हात लावत असतात.

युरो ट्रक सिम्युलेटर 2 मध्ये तू लालपरी चालवतोस, मला बघायला आवडतं. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरने 2012 मध्ये काढलेल्या खेळात आपली एसटी धावते ही काय लहान गोष्ट आहे? त्यात मॉड डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरातल्या ‘मॉड’ नावाच्या फोल्डरात जातात आणि मूळ गेमला धक्का लागत नाही. मॉड मॅनेजरमध्ये यादी दिसते, आणि तीत जो वर असतो त्याचं चालतं. क्रम बदलला तरी गेम सुधारू शकतो, काढून टाकायची घाई नको. बिघडला की डॉक्युमेंट्समधली ‘गेम लॉग’ची फाइल नोटपॅडमध्ये उघड आणि ‘एरर’ शब्द शोध. इंग्रजीत लांबलचक ओळी असतात, पण त्यांत मॉडच्या फाइलचं नाव बहुधा लिहिलेलं असतं. गेम अपडेट झाल्यावर सगळं मोडलं असेल तर मॉड जुन्या आवृत्तीचा आहे. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘बेटाज’मध्ये जाऊन जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं. प्रॉपर्टीजमध्येच इन्स्टॉल केलेल्या फायली तपासण्याचं बटण आहे. ते मूळ फायली दुरुस्त करतं, पण तू आणलेले मॉड काढत नाही, हे लक्षात ठेव. आणि लालपरीचा मॉड काढायचा झाला तर आधी गेममध्ये ती बस विक, गेमचा स्वतःचा ट्रक घे, सेव्ह कर, मग मॉड काढ. प्रोफाइलची कॉपी त्याच्याही आधी.

फोनवरच्या बस सिम्युलेटर इंडोनेशियामध्येही एसटीच्या गाड्या टाकतात, त्यात वावगं काही नाही. पण गाडीची फाइल वेगळी आणि ‘मॉड एपीके’ वेगळं. एपीके म्हणजे अख्खं ॲपच कुणीतरी उघडून बदललेलं. गेम मेसेज वाचायची किंवा कॉन्टॅक्ट बघायची परवानगी मागत असेल तर तो गेम नव्हे. त्याच फोनवर तुझ्या आईचं बँकेचं काम चालतं. कम्प्युटरवरही जो पॅच म्हणतो ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’, तो टाकायचा नाही. एखाद्या चांगल्या मॉडवरही अँटिव्हायरस उगाच ओरडतो हे खरं, पण कोण चांगला कोण वाईट हे ओळखण्याइतका अनुभव येईपर्यंत तू अँटिव्हायरसचंच ऐक.

आणि आपल्या नागपूरची एक वेगळी गोष्ट आहे, ती बाहेरचा कुणी सांगणार नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा प्रत्येक बिघाड पॅचचा नसतो. चूक दाखवून लगेच बंद पडणारा गेम फाइलमुळे पडतो. वीस-पंचवीस मिनिटं बरा चालून आधी अडखळतो आणि मग लॅपटॉपच फट्‌कन बंद होतो, तो उन्हाने. तो लॅपटॉप गादीवर ठेवू नको, खालची जाळी मोकळी राहू दे, पंख्यातली धूळ साफ करून घे, आणि तोच गेम पहाटे खेळून बघ. पहाटे नीट चालला तर पॅचला दोष देऊ नको. बरेच जण यावर उपाय म्हणून कम्प्युटर कूलरच्या झोताखाली नेतात. कूलरची हवा ओली असते, पाण्याचे बारीक थेंब आणि क्षार घेऊन येते. टेबलावर असे बोर्ड मी उघडले आहेत, टोकांना हिरवट-पांढरा थर चढलेला. कूलर खोलीत असू दे, पण झोत कम्प्युटरवर नको. लाइट जाणारे दिवसही हेच. मोठा पॅच कॉपी होत असताना लाइट गेली की फाइल अर्धीच उतरते, आणि नाव-गाव सगळं बरोबर दिसतं. अशा वेळी फाइलचा आकार आरएआरमधल्या मूळ आकाराशी ताडून बघ. यूपीएस नसेल तर लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच हे काम कर.

एवढं करूनही जामठा उघडलं नाही तर पॅच करणाऱ्याला विचार, पण विचारण्याची रीत आहे. विंडोज कोणतं, त्या पॅचआधी कोणकोणते पॅच टाकले होते, कुठे थांबतो, काय लिहून येतं, हे चार ओळींत सांग. पॅचसोबत आलेली ‘रीडमी’ आधी वाच, निम्म्या वेळा उत्तर त्यातच असतं. तो माणूस कॉलेज किंवा नोकरी सांभाळून हे फुकट करतो, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही.

आणि विदर्भाचा संघ कुणी बनवून देईल याची वाट बघत बसू नको. रोस्टर एडिटर तुला आता येतो, 2024-25 च्या फायनलचे अकरा जण तूच बसव. आधी मूळ रोस्टरची कॉपी, मग एकेक खेळाडू, आणि कोणत्या दिवशी काय बदललं ते वहीत. पूर्ण झाला की मला पाठव. जामठ्यावर पहिला सामना तुझ्या विदर्भाविरुद्ध मी खेळेन.